दर उन्हाळ्यात परतणारा तपकिरी थर : लहान सागरी टँकमधील तक्रारीचे मूळ आणि उपाय

सांगली-मिरज परिसरात घरी खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणाऱ्यांकडून एकच तक्रार वारंवार ऐकू येते. टँक नीट बसवलेला असतो, पावसाळा आणि थंडी तो सुरेख काढतो, आणि होळीच्या सुमारास वाळूवर व दगडांवर तपकिरी थर चढू लागतो. थर पुसून काढला तरी आठवड्याभरात तो पुन्हा दिसतो. त्याच्या मागोमाग हिरवे केसाळ शेवाळ येते आणि कधी कधी गर्द लाल रंगाचा चिकट पडदाही येतो. मग दिव्याची वेळ कमी करणे, माशांना उपाशी ठेवणे, दुकानातून शेवाळनाशक आणून ओतणे असे उपाय सुरू होतात. त्यांनी थर थोडा मागे हटतो, पावसाळ्यात बराचसा निवळतो, आणि पुढच्या चैत्रात पुन्हा हजर होतो.

तक्रार दरवर्षी त्याच ऋतूत येत असेल, तर तिचे कारणही त्या ऋतूशी जोडलेले असले पाहिजे. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक टँकमध्ये हे कारण टँकच्या आत नव्हते. बाष्पीभवनाने घटलेली पातळी भरून काढण्यासाठी रोज जे पाणी वरून घातले जाते, त्या भरीच्या पाण्यात ते होते. असे असल्यामुळे टँक कितीही घासला तरी उपयोग होत नाही, आणि पाणी दुरुस्त केले की टँक हळूहळू आपला आपण सावरतो.

थर कशाचा आहे, हे आधी ओळखावे

तपकिरी दिसणारा प्रत्येक थर एकाच जीवाचा नसतो, आणि उपाय परस्परविरुद्ध असल्यामुळे ही ओळख चुकली तर नुकसान होते. बोटाने पुसल्यावर जो थर पिठासारखा उडतो आणि पाणी क्षणभर धुरकट करतो, तो डायटमचा असतो. या सूक्ष्म वनस्पतींचे कवच सिलिकाचे असल्यामुळे पाण्यात सिलिका मिळत राहीपर्यंत त्या वाढत राहतात. नव्या टँकमध्ये पहिले काही आठवडे डायटम येणे स्वाभाविक आहे. साठलेली सिलिका संपली की ते आपोआप नाहीसे होतात आणि त्यासाठी काहीही करण्याची गरज नसते. वर्ष-दीड वर्ष जुन्या टँकमध्ये मात्र ते परत आले, तर सिलिका बाहेरून येत आहे असेच समजावे.

गर्द लाल किंवा किरमिजी पडदा, जो कडेने उचलला की सायीसारखा सलग सुटतो आणि ज्याला एक विशिष्ट कुबट वास असतो, तो सायनोबॅक्टेरियाचा. पाण्याचा प्रवाह मंद असलेल्या कोपऱ्यात आणि फॉस्फेट साठलेल्या टँकमध्ये तो आधी पसरतो.

तिसरा प्रकार डायनोफ्लॅजेलेटचा असून सर्वांत फसवा हाच आहे. रंग डायटमसारखाच तपकिरी असतो, पण थर लाळेसारखा तंतुमय दिसतो, तंतूंच्या टोकांना हवेचे बुडबुडे अडकलेले असतात, सकाळी दिवा लागण्यापूर्वी तो विरळ आणि संध्याकाळपर्यंत दाट होतो, आणि शेवाळ खाणाऱ्या गोगलगाई एकेक करून मरू लागतात. शंका असल्यास थोडा थर बाटलीत घेऊन जोराने हलवावा, कॉफीच्या गाळणकागदातून गाळावा आणि ते गाळलेले पाणी काचेच्या पेल्यात दिव्याखाली तासभर ठेवावे. त्यात पुन्हा तंतूंचे पुंजके जमले तर तो डायनोफ्लॅजेलेट होय. हा जीव अनेकदा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आल्यानंतर डोके वर काढतो, म्हणून त्याच्यावर उपाय करताना पोषकद्रव्ये आणखी घटवणे उलटे पडते. पुढील मजकूर पहिल्या दोन प्रकारांना आणि हिरव्या शेवाळाला लागू आहे.

रोजच्या दोन लिटरचा हिशेब

समजा टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी १०० लिटर आहे. मार्च ते मे या काळात सांगलीची हवा कोरडी असते, दुपारचे तापमान चाळीस अंशांच्या आसपास जाते, आणि टँक २५-२६ अंशांवर राखण्यासाठी बहुतेक जण पाण्याच्या पृष्ठभागावर पंखा लावतात. कोरड्या हवेत हा उपाय चांगला चालतो. पाणी दोन ते चार अंशांनी थंड राहते, पण ती थंडाई बाष्पीभवनातूनच येत असल्यामुळे रोज दोन लिटर किंवा त्याहून अधिक पाणी उडून जाते. उडते ते केवळ शुद्ध पाणी. मीठ, नायट्रेट, फॉस्फेट, सिलिका, कॅल्शियम हे सगळे टँकमध्येच राहते, आणि दुसऱ्या दिवशी घातलेल्या पाण्यासोबत त्यात नवी भर पडते.

भरीच्या पाण्यात प्रतिलिटर ४० मिलिग्रॅम नायट्रेट असेल, तर दोन लिटरमागे ८० मिलिग्रॅम, म्हणजे टँकच्या प्रत्येक लिटरमागे रोज ०.८ मिलिग्रॅम वाढले. महिन्याला ही वाढ २४ मिलिग्रॅमवर जाते, आणि त्यात माशांच्या विष्ठेतून येणारे नायट्रेट अजून धरलेले नाही. प्रवाळांच्या टँकमध्ये नायट्रेट पाच-दहा मिलिग्रॅमच्या आत ठेवण्याचा आपला प्रयत्न असतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तपासणीत 'पिण्यास योग्य' ठरलेले पाणीही टँकच्या दृष्टीने खतपाणी असू शकते.

आपल्या भागात ही अडचण विशेष तीव्र होण्यास दोन कारणे आहेत. कृष्णा-वारणेच्या काठचा सारा पट्टा उसाचा आहे. उसाला दिलेल्या नत्रखतातील काही भाग पाण्याबरोबर खाली झिरपून विहिरी-बोअरच्या पाण्यात नायट्रेटच्या रूपाने उतरतो, आणि जेथे जमिनी क्षारपड झाल्या आहेत तेथे भूजलातील एकूण क्षारही जास्त असतात. दुसरे कारण पायाखालच्या खडकाचे. दख्खनचा काळा बेसाल्ट वजनाने जवळजवळ निम्मा सिलिकाचा बनलेला आहे आणि त्याच्या भेगांतून फिरणारे पाणी ती सिलिका विरघळवून घेते. पृष्ठभागाजवळच्या समुद्राच्या पाण्यात सिलिका अत्यल्प असते, त्यामुळे बोअरचे पाणी टँकमध्ये घालणे म्हणजे डायटमला त्यांचे कवच घडवण्याचे सामान रोज पुरवणे होय.

यावरून उन्हाळ्याचा संबंध स्पष्ट होतो. पावसाळ्यात हवा दमट असल्याने पाणी कमी उडते, भर कमी पडते, आणि थर आपोआप मंदावतो. तेव्हा मागच्या वर्षी वापरलेल्या औषधाने गुण आला असे वाटते. पण वास्तविक गुण पावसाचा असतो.

तपासणी टँकची नव्हे, बादलीची करावी

तक्रार आली की बहुतेक जण टँकमधील पाणी तपासतात, आणि तेथे नायट्रेट व फॉस्फेट फारसे आढळत नाही, कारण आलेले पोषण शेवाळाने आधीच शोषून घेतलेले असते. म्हणून टेस्ट किट आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देणारा) भरीच्या पाण्याला लावावा, आणि तोही तीन ठिकाणी: घराच्या टाकीतून येणारे पाणी, प्युरिफायरमधून निघणारे पाणी, आणि ज्या ड्रममध्ये ते साठवले जाते त्या ड्रममधील पाणी. ड्रम खाद्यपदार्थांसाठी वापरण्याजोगा असावा. रसायनांचे किंवा कीटकनाशकांचे जुने ड्रम कितीही धुतले तरी या कामासाठी घेऊ नयेत.

विश्रामबागेतील एका परिचितांचा टँक याचे चांगले उदाहरण आहे. त्यांचा ठाम विश्वास होता की आपण आरओचेच पाणी घालतो, त्यामुळे पाण्यात दोष असणे शक्य नाही. स्वयंपाकघरातील प्युरिफायरच्या नळाखाली पेला धरून मीटर बुडवला, तेव्हा आकडा ११८ वर स्थिरावला. यंत्राचे झाकण उघडल्यावर आरओच्या पडद्याच्या (क्षार अडवणाऱ्या पापुद्र्याच्या) शेजारून जाणारी एक बारीक पांढरी नळी आणि तिच्यावरचा छोटा फिरवायचा स्क्रू दिसला. तो टीडीएस कंट्रोलर होता. पाण्याला चव राहावी म्हणून घरगुती यंत्रांत काही कच्चे पाणी पडदा टाळून शुद्ध पाण्यात परत मिसळले जाते, आणि त्यासोबत नायट्रेट व सिलिकाही परत येतात. पिण्यासाठी ही सोय योग्यच आहे, पण टँकसाठी तिने आरओचा अर्धा फायदा घालवलेला असतो. टँकमधील हीटर बाहेर काढला तेव्हा त्यावर गीझरच्या कॉइलवर बसतो तसा पांढरा कडक थर होता; त्याचेही मूळ हेच असल्याचे दिसते.

वीस लिटरच्या जारचे पाणी आणून घालणाऱ्यांनीही हीच तपासणी करावी, कारण त्याचा आकडा जारगणिक बदलू शकतो. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालण्यासाठी मिळणारे डिस्टिल्ड वॉटर अडचणीच्या वेळी चालते. मात्र बाटली सीलबंद असावी आणि मीटरवर आकडा शून्य किंवा एक यावा.

आरओनंतर डीआय हवेच, आणि ते वेळेवर बदलले पाहिजे

टँकसाठी कच्चे पाणी न मिसळणारा आरओचा पडदा आणि त्याच्यानंतर डीआय रेझिनचे (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचे) कार्ट्रिज अशी स्वतंत्र जोडणी करून घ्यावी. टाकीतून उतरणाऱ्या पाण्याचा दाब पडद्याला पुरत नाही, म्हणून बूस्टर पंप आवश्यक असतो. पडद्याआधीचे कार्बन कार्ट्रिजही वगळू नये, कारण नळाच्या पाण्यातील क्लोरीन पडद्याला खराब करते.

येथपर्यंतची काळजी घेऊनही अनेकांचा थर परत येतो, आणि मीटर तर शून्य दाखवत असतो. तक्रारीतील हा सर्वांत गोंधळात टाकणारा भाग आहे आणि त्याचे स्पष्टीकरण रसायनशास्त्रात आहे. टीडीएस मीटर प्रत्यक्षात पाण्याची विद्युतवाहकता मोजतो. पाण्यात विरघळलेली सिलिका बहुतांशी भाररहित स्वरूपात असल्यामुळे ती मीटरला दिसतच नाही. डीआय रेझिन सिलिकाला धरते, पण फार सैलपणे. रेझिन भरत आले की जोराने चिकटणारे दुसरे क्षार तिला ढकलून देतात आणि धरून ठेवलेली सिलिका पाण्यात सुटू लागते. म्हणजे मीटरवर १ किंवा २ दिसू लागण्याच्या पुष्कळ आधीपासून टँकमध्ये सिलिका जात असते. म्हणून 'शून्य आहे तोपर्यंत रेझिन चांगले' हा समज सोडून द्यावा.

यावर मला सर्वांत भरवशाचा वाटणारा उपाय म्हणजे दोन डीआय कार्ट्रिजेस एकापुढे एक जोडणे. रंग बदलणारे रेझिन घ्यावे. पहिल्या कार्ट्रिजचा रंग निम्म्याहून अधिक बदलला की ते रिकामे करून टाकावे, दुसरे त्याच्या जागी आणावे आणि नवे भरलेले दुसऱ्या जागी लावावे. पहिल्यातून सुटलेली सिलिका त्यामुळे दुसऱ्यात अडकते. खर्च थोडा वाढतो, पण दर उन्हाळ्यात औषधांवर आणि मेलेल्या प्रवाळांवर होणाऱ्या खर्चापुढे तो काहीच नाही. सिलिकाचे टेस्ट किट मिळाल्यास दुसऱ्या कार्ट्रिजनंतरचे पाणी अधूनमधून तपासावे.

रेझिन लवकर संपण्याचे आणखी एक कारण आपल्या सवयीत असते. यंत्र बंद असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंचे क्षार समतोलाकडे सरकतात, त्यामुळे यंत्र सुरू केल्यावर पहिली काही मिनिटे निघणारे पाणी बरेच क्षारयुक्त असते. रोज दोन लिटर पाणी काढणाऱ्याच्या रेझिनवर रोज हेच वाईट पाणी पडते. त्याऐवजी आठवड्यातून एकदा पंधरा-वीस लिटरचा ड्रम सलग भरावा आणि सुरुवातीचे लिटर-दोन लिटर पाणी डीआयमध्ये जाऊ न देता बाहेर काढावे. आरओमधून निघणारे नाकारलेले पाणी फरशी, शौचालय आणि गाडी धुण्याला वापरावे. जत-आटपाडीसारखे दुष्काळी तालुके ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे ते गटारात सोडणे मला योग्य वाटत नाही. कुंड्यांना मात्र ते घालू नये, कारण त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षाही दाट झालेले असतात.

क्षारतेचा चढउतार

भरीचे पाणी शुद्ध असले तरी ते नियमित पडले पाहिजे. १०० लिटरच्या टँकमधून रोज अडीच लिटर उडत असताना घरचे लोक तीन दिवस गावाला गेले, तर क्षारता प्रतिहजार ३५ वरून जवळजवळ ३८ वर जाते. मासे हे सहन करतात. गोगलगाई, कोळंबी आणि प्रवाळ आक्रसतात, आणि मेलेल्या गोगलगाईंमुळे शेवाळाला आणखी खत मिळते. परत आल्यावर साडेसात लिटर पाणी एकदम ओतल्यास दुसरा धक्का बसतो. स्वयंचलित भर घालणारे यंत्र परवडत नसेल, तर औषधाच्या दुकानात मिळणारा सलाईनचा नवा सेट उंचावर ठेवलेल्या डब्याला जोडून थेंबांची गती जुळवता येते. डबा एक-दोन दिवसांच्या भरीपुरताच लहान ठेवावा, म्हणजे नळी निसटली तरी टँक पातळ होत नाही. क्षारता मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरावा आणि तो साध्या पाण्यावर न जुळवता ३५ क्षारतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवावा.

रत्नागिरीहून कॅनमध्ये समुद्राचे पाणी आणण्याचा मोह अनेकांना होतो. किनाऱ्याजवळच्या पाण्यात बोटींचे तेल आणि सांडपाणी असू शकते, पावसाळ्यात खाड्यांच्या पाण्याने क्षारता घटते, आणि घाट चढून येईपर्यंत त्यातील सूक्ष्मजीव मरून पाणी बिघडू लागते. शुद्ध पाण्यात तयार सागरी मीठ मिसळणे अधिक सुरक्षित.

टँक मूळपदावर आणताना

पाणी दुरुस्त झाल्यावर दर आठवड्याला वीस टक्के पाणी बदलावे. चार बदलांत जुना साठा सुमारे ४१ टक्क्यांवर येतो, अर्थात मधल्या काळात बाहेरून काहीही नवे येत नसेल तरच. लाल पडदा बदलाच्या वेळी नळीने ओढून घ्यावा आणि त्या कोपऱ्याकडे पॉवरहेडचे (टँकमध्ये प्रवाह निर्माण करणाऱ्या पंपाचे) तोंड वळवावे. फॉस्फेट शोषणारे लोहयुक्त खडे उपयोगी पडतात, पण ते सिलिकाही शोषतात, त्यामुळे सिलिका असलेल्या टँकमध्ये अपेक्षेपेक्षा लवकर निकामी होतात. प्रतिजैविक औषधांनी सायनोबॅक्टेरिया जातो खरा, परंतु नायट्रोजनचे चक्र चालवणाऱ्या उपयुक्त जीवाणूंनाही त्याचा त्रास होऊ शकतो. मी ते सुचवणार नाही. दिवा आठ तासांवर ठेवावा, आणि माशांना उपाशी ठेवण्याऐवजी गोठवलेले खाद्य वितळवून त्याचे पाणी फेकून मग घालावे.

दगडांवरचे शेवाळ घासताना एक धोका गंभीरपणे लक्षात घ्यावा. झोअँथिड गटातील काही मऊ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असते. ते असलेला दगड हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय घासू नये, आणि असा दगड उकळत्या पाण्यात टाकण्याचा उपाय कोणी सांगितला तरी मुळीच करू नये. त्या वाफेने घरातील सर्वांना रुग्णालयात जावे लागू शकते.

नवे जीव आणण्याआधी

शेवाळ खाणारे जीव हे या तक्रारीवरचे औषध नव्हे. सिलिका येत असताना दहा गोगलगाई सोडल्या तरी त्या उपासमारीने किंवा क्षारतेच्या धक्क्याने मरतात. पाणी बदलून दीड-दोन महिने थर परत आला नाही, तरच नवे जीव आणावेत. १०० लिटरमध्ये क्लाउनफिशची एक जोडी, एखादा लहान गोबी, थोड्या ट्रोकस गोगलगाई आणि एक क्लीनर कोळंबी एवढे पुरे. सर्जनफिश या आकारात ठेवू नये, दुकानदाराने कितीही लहान दाखवला तरी.

मुंबई-पुण्याहून पार्सलने येणाऱ्या पिशवीत रात्रभरात अमोनिया साठलेला असतो, पण श्वासातून आलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पाणी किंचित आम्ल राहून तो कमी घातक असतो. पिशवी उघडताच हा वायू निघून जातो, पीएच चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून लांबून आलेल्या माशाला उघड्या पिशवीत दोन तास थेंबथेंब पाणी देत बसू नये. दुकानदाराकडून त्यांच्या पाण्याची क्षारता आधी विचारून वेगळ्या लहान टँकमध्ये तेवढीच ठेवावी, माशाला त्यात लगेच सोडावे आणि पुढील काही दिवसांत क्षारता चढवावी. दुकानांत ती अनेकदा ३५ पेक्षा बरीच कमी ठेवलेली असते.

प्रवाळांच्या बाबतीत कायद्याचे बंधनही आहे. कठीण सांगाड्याचे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे, तसेच समुद्रघोडे व समुद्रकाकड्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रातून काढलेले प्रवाळी दगडही त्यामुळे घेऊ नयेत. मशरूम, लेदर आणि झोअँथिड या मऊ प्रवाळांवर टँक उत्तम उभा राहतो, आणि दगड सिमेंटचे किंवा सिरॅमिकचे घ्यावेत. कोरडे दगडही कधी कधी महिनोन्‌महिने फॉस्फेट सोडत राहतात, म्हणून ते टँकमध्ये रचण्यापूर्वी डीआयच्या पाण्यात काही आठवडे भिजवून त्या पाण्याची तपासणी करावी.

पावसाळा सुरू झाल्यावर

जूननंतर भरीचे पाणी निम्म्यावर येते आणि रेझिन जास्त टिकते, मात्र दमट हवेत पंख्याने टँक तेवढा थंड होत नाही, हे लक्षात ठेवून तापमापक रोज पाहावा. कृष्णेला गढूळ पाणी आले की पडद्याआधीचे गाळ अडवणारे कार्ट्रिज आठवड्या-दोन आठवड्यांत मातकट होऊ शकते. पडद्याकडे जाणारा दाब घटला की ते बदलावे, अन्यथा पडदा अपुऱ्या दाबावर चालून अधिक क्षार पुढे सोडतो आणि त्याचा भार पुन्हा रेझिनवर पडतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरासारख्या प्रसंगी वीज आणि नळाचे पाणी दोन्ही बंद पडू शकतात, म्हणून जूनमध्येच तीस-चाळीस लिटर डीआयचे पाणी झाकून भरून ठेवावे आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप चालू करून पाहावा. रेझिनची पुढची अदलाबदल फाल्गुनात, पंखा बाहेर काढण्याच्या आधी करावी.